चाळीस गुंठ्यांमागे पाच

तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून अर्ज लिहून देणारा माणूस हा मराठीतला सर्वांत दुर्लक्षित संपादक म्हणायला हवा. पनवेलसारख्या तालुक्याच्या गावी सकाळी कचेरी उघडली की त्याच्यासमोर माणसं कागद घेऊन उभी राहतात. कागद मराठीतला असतो. आणणाऱ्यालाही मराठी वाचता येतं. खिशातल्या मोबाइलवर त्याचं दिवसभर वाचन चालूच असतं. तरी प्रश्न ठरलेला : "काका, ह्यात काय लिवलंय?"

काका चष्मा नाकावर ओढतात. कागदाच्या वरच्या अर्ध्या भागात जावक क्रमांक, संदर्भ, कलम, पोटकलम असं सगळं असतं. तिकडे ते बघतही नाहीत. बोट सरळ तिसऱ्या परिच्छेदाच्या मध्यावर जाऊन थांबतं. "शेजाऱ्यानं जमिनीची मोजणी मागितलीय. सोमवारी अकरा वाजता बांधावर थांबायचं. सातबारा बरोबर ठेवा."

दीड पानाचा मजकूर तीन वाक्यांत आटोपला. समोरचा माणूस मान डोलावतो, कागदाची घडी करून खिशात घालतो आणि चालू लागतो. काकांनी त्या मजकुरात स्वतःचं काही घातलेलं नाही. प्रकरण काय आहे, मी काय करायचं आणि कधी करायचं, या तीन प्रश्नांची उत्तरं त्यांनी कागदातून वेचून काढली. मूळ कागदातही ती होतीच, पण तांदळातल्या खड्यासारखी विखुरलेली.

या तीन प्रश्नांसाठी जगात मोठ्या चळवळी झाल्या आहेत. इंग्लंडमध्ये क्रिसी माहेर नावाच्या बाईंनी १९७९ साली लंडनच्या पार्लमेंट चौकात सरकारी फॉर्मांच्या चिंध्या केल्या आणि सोप्या इंग्रजीसाठी मोहीम उघडली. माहेरबाईंना स्वतःला किशोरवयापर्यंत वाचता येत नव्हतं, त्यामुळे न कळणारा कागद हातात आला की माणसाचं काय होतं हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. अमेरिकेने २०१० साली सरकारी लेखन सोपं असावं यासाठी कायदाच केला. २०२३ साली तर सोप्या भाषेसाठी आयएसओचं आंतरराष्ट्रीय मानक निघालं, जसं ते यंत्राच्या सुट्या भागांसाठी असतं तसं. त्या मानकाची चार तत्त्वं आहेत : मजकूर वाचकाच्या कामाचा हवा, त्यातली हवी ती गोष्ट सापडायला हवी, सापडलेली समजायला हवी आणि समजलेली वापरता यायला हवी. टेबलावरचे काका हे मानक न वाचता रोज पाळतात.

मग मूळ कागद लिहिणाऱ्याला ते का जमत नाही? मराठीचं ज्ञान त्याला काकांपेक्षा कमी नसतं. घरी बायकोला निरोप देताना तोही तीनच वाक्यं बोलतो. बिघडतं ते कागदावर येताना, आणि कुठे बिघडतं हे बघायला एक नमुना पुरेल. पुढची सूचना काल्पनिक आहे, पण तिचा तोंडवळा कुठल्याही गावच्या वाचकाला ओळखीचा वाटेल.

"उपरोक्त विषयान्वये सर्व संबंधितांस याद्वारे सूचित करण्यात येते की, महानगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागाच्या मुख्य जलवाहिनीच्या दुरुस्तीच्या कामाच्या अनुषंगाने दिनांक १२ रोजी सकाळी ९ ते रात्रौ ९ या कालावधीत पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येणार असून नागरिकांनी पुरेशा पाण्याचा साठा करून ठेवावा व सहकार्य करावे."

एकूण ४१ शब्द. त्यातला 'बंद' हा शब्द २९ व्या जागी येतो. म्हणजे हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला आपल्या नळाचं काय होणार हे कळायला आधी २८ शब्द ओलांडावे लागतात. मध्ये 'च्या'ची माळ आहे : महानगरपालिकेच्या, विभागाच्या, जलवाहिनीच्या, दुरुस्तीच्या, कामाच्या. पाच मणी झाले तरी सूत्र कुठे चाललंय याचा पत्ता नाही. आता हीच सूचना काकांच्या तोंडची :

"मंगळवारी, १२ तारखेला, सकाळी ९ ते रात्री ९ नळाला पाणी येणार नाही. मुख्य जलवाहिनी दुरुस्त करायची आहे. सोमवारी रात्रीच पाणी भरून ठेवा."

शब्द २२. मुद्दा बाराव्या शब्दाला पुरा होतो. कामाची माहिती कणभरही कमी झालेली नाही. उलट वाराचं नाव वाढलं आहे आणि पाणी कधी भरायचं तेही कळतं.

यात मराठीच्या घडणीचा एक भाग आहे. आपल्या भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी बसतं. इंग्रजी वाचणाऱ्याला कर्त्यामागोमाग क्रिया मिळते, मग उरलेला तपशील तो निवांत ऐकतो. मराठी वाचणारा मात्र हातात एकेक पिशवी घेत जातो आणि ती ठेवायची कुठे हे त्याला अगदी शेवटी सांगितलं जातं. दहा-बारा पिशव्यांपर्यंत हे जमतं, चाळीस झाल्या की खांदा भरून येतो. म्हणूनच 'लहान वाक्यं लिहा' हा सल्ला इंग्रजीत शैलीचा असेल, मराठीत तो सोयीचा आहे. क्रियापद लवकर हवं असेल तर वाक्यच लवकर संपवावं लागतं.

वाक्य संपवायची खूण मराठीला मिळून फार काळ लोटलेला नाही. जुने मोडी कागद पाहिले तर ओळ आखून अक्षरं तिला टांगल्यासारखी लिहिलेली दिसतात, हात फारसा उचलायचा नाही, शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं तर नाहीतच. लिहिणारा कारकून आणि वाचणारा कारकून एकाच परंपरेतले, त्यामुळे चालून जायचं. छापखाना आला, शाळा आल्या, अनोळखी वाचक आला आणि ही गैरसोय उघडी पडली. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात ज्यांचा मोठा वाटा होता त्या मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली 'विरामचिन्हांची परिभाषा' ही छोटी पुस्तिका काढून स्वल्पविराम, पूर्णविराम ही मंडळी मराठीत आणून बसवली. तेव्हापासून पावणेदोनशे वर्षं पूर्णविराम हाताशी आहे. सरकारी मसुदा मात्र अजूनही 'असून', 'तसेच', 'त्याअर्थी' या सांध्यांनी वाक्याला वाक्य जोडत मोडीच्याच ओघात चालतो.

दुसरा भाग भीतीचा आहे. 'करण्यात येते', 'कळविण्यात येते', 'ठेवण्यात येणार आहे' या रचनांत करणारा कोण ते दिसत नाही. पाणी कोण बंद करणार? उत्तर नाही. मसुदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नळावरची बाई नसते. वरचे साहेब असतात, लेखापरीक्षक असतो, उद्या प्रकरण कोर्टात गेलं तर वकील असतो. त्या तिघांच्या तावडीत न सापडणारं वाक्य तो लिहितो, आणि त्या हिशेबाने ते वाक्य उत्तमच असतं. फक्त ते भिंतीवर चिकटवलं जातं ते चौथ्यासाठी.

या कागदी मराठीला इतिहासही आहे. महाराष्ट्र राज्य झाल्यावर अवघ्या दोन महिन्यांत, ६ जुलै १९६० रोजी, भाषा संचालनालय सुरू झालं. इंग्रजीत चाललेला कारभार मराठीत आणायचा होता आणि त्यासाठी हजारो शब्द हवे होते. १९६२ साली पदनाम कोश आला, १९६४ साली राजभाषेचा कायदा झाला, १९७३ साली शासन व्यवहार कोश आला. त्यातले काही शब्द बोजड म्हणून टिंगलीचा विषय झाले, तर काही इतके मुरले की ते कुणी घडवले होते हेही लोक विसरले. सावरकरांनी त्याआधीच सुचवलेला 'महापौर' घ्या. १८५२ सालच्या पनवेल नगरपालिकेची १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झाली आणि पुढच्या वर्षी निवडणूक होऊन शहराला पहिल्या महापौर मिळाल्या, तेव्हा या शब्दाचा अर्थ पनवेलमध्ये कुणी कुणाला विचारला नाही. नवा शब्द आला म्हणून लेखन अवघड होत नाही. वाचकाला त्या शब्दाशी गाठ घालून द्यायची राहून गेली की होतं.

लोक स्वतः शब्द करतात तेव्हा काय करतात, हे बघायलाही पनवेल चांगली जागा आहे. महसुली दप्तरात गावनमुना क्रमांक सात म्हणजे जमीन कोणाच्या नावावर आहे याची नोंद आणि क्रमांक बारा म्हणजे त्यात कोणतं पीक आहे याची नोंद. लोकांनी दोन आकडे जोडले, 'सातबारा' झाला. आज निरक्षर म्हातारीलाही सातबारा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, आणि सरकारी संकेतस्थळांनीही मुकाट्याने तोच शब्द स्वीकारला आहे.

दुसरा शब्द इथल्या मातीतला आणि रक्तातलाही. नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. मोबदला तुटपुंजा होता. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन उभं राहिलं. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. त्या लढ्यातून पुढे जी योजना निघाली तिचं कागदावरचं नाव लांबलचक आहे. लोक तिला 'साडेबारा टक्के' म्हणतात. बस्स. "त्यांना साडेबारा टक्के मिळाले" एवढं वाक्य करंजाड्यापासून उलव्यापर्यंत पुरतं.

आता हीच योजना एखाद्या लेखकाने मासिकाच्या वाचकाला समजावून द्यायची आहे असं धरू. "संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड प्रकल्पग्रस्तांना परत देण्याचे धोरण" हे वाक्य बरोबर आहे, पण डोळ्यांसमोर काही उभं करत नाही. टक्का ही दिसणारी वस्तू नव्हे. एकर दिसतो, गुंठा दिसतो. एका एकरात चाळीस गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. चाळीस गुंठ्यांमागे पाच. त्या पाच गुंठ्यांत रस्ता, गटार, वीज आलेली असेल, पण भात येणार नाही. इतकं लिहिलं की व्यवहाराच्या दोन्ही बाजू वाचकाच्या हातात आल्या.

कोणत्या वाचकाच्या, हे मात्र विचारायला हवं. गव्हाणच्या शेतकऱ्याला गुंठा डोळे मिटून दिसतो. खारघर, कामोठे, कळंबोलीच्या सोसायटीत राहणाऱ्याला तो मुळीच दिसत नाही. त्याचं सगळं आयुष्य चौरस फुटांत मोजलं गेलंय. त्याच्यासाठी लिहायचं तर एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, पाच गुंठे म्हणजे साधारण साडेपाच हजार चौरस फूट, असं लिहावं लागेल. माहिती तीच, दारं दोन. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केलं तेव्हा शेजारी शेजारी दोन रकाने ठेवले होते, एक इंग्रजी आणि एक मराठी, कारण त्यांचे वाचकही दोन होते. आजच्या लेखकाला पानावर दोन रकाने काढता येत नाहीत. त्याला ते एकाच वाक्यात बसवावे लागतात : "पाच गुंठे, म्हणजे मोठ्या सोसायटीतले आठ-दहा फ्लॅट मांडून ठेवले तर व्यापतील एवढी जागा."

आकड्याला शेजार लागतो. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं, आणि त्याची जागा १,१६० हेक्टर असल्याचं त्याआधी अनेक वर्षं छापून येत होतं. ११६० हेक्टर म्हणजे किती? वाचक आकडा वाचतो आणि सोडून देतो. पण पनवेलच्या माणसाला सांगितलं की हा विमानतळ आणि आपलं कर्नाळ्याचं अभयारण्य आकाराने जवळजवळ सारखेच आहेत, विमानतळ साडेअकरा चौरस किलोमीटरच्या आसपास आणि अभयारण्य बाराच्या, तर तो थांबतो. सुट्टीच्या दिवशी ज्या जंगलात पायपीट करून दम लागतो, तेवढ्या जागेवर विमानतळ पसरला आहे हे त्याला पायांनी कळतं. या तुलनेत अलंकार काहीच नाही, दोन खरे आकडे शेजारी ठेवले आहेत.

कर्नाळ्याचा विषय निघालाच आहे तर पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागावं. उजव्या-डाव्या हाताला गोदामं, ढाबे, नव्या इमारती मागे पडत जातात. क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडक्यांचं शिरढोण येतं, आणि थोड्याच वेळात अंगठ्यासारखा सुळका उभारलेला कर्नाळा किल्ला दिसायला लागतो. त्याच्या पायथ्याचं जंगल १९६८ साली पक्षी अभयारण्य झालं. या अभयारण्याच्या उभारणीत हातभार लावणाऱ्या वनाधिकाऱ्यांत एक नाव मारुती चितमपल्लींचं होतं. मूळचे सोलापूरचे, कोइमतूरच्या वनविद्यालयात शिकलेले, नोकरीची छत्तीस वर्षं जंगलात घालवलेले. २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, २०२५ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांचा वाढदिवस ५ नोव्हेंबर आणि पक्षिशास्त्रज्ञ सलीम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो.

चितमपल्लींकडून शिकायचं ते त्यांचं शब्दांचं धोरण. इंग्रजी पक्षिशास्त्रात कावळ्यांच्या वसाहतीला एक शब्द, बगळ्यांच्या विणीच्या जागेला दुसरा. मराठीत लिहिताना ते शब्द जसेच्या तसे घ्यायचे की प्रत्येक वेळी पाच शब्दांचं स्पष्टीकरण द्यायचं, हा पेच होता. त्यांनी 'काकागार' आणि 'सारंगागार' असे शब्द वापरात आणले. कोषागार, धान्यागार हे शब्द ज्याच्या कानावरून गेलेत त्याला 'आगार' कळतं. एसटीचं आगार तर सगळ्यांनाच माहीत. त्यामुळे 'काकागार' पहिल्यांदा वाचतानाही कोडं पडत नाही. आणि जिथे आदिवासींकडे, कोळ्यांकडे, गुराख्यांकडे आधीपासून शब्द होता, तिथे त्यांनी नवा केला नाही. जुनाच वहीत उतरवून घेतला. २००२ साली आलेला त्यांचा 'पक्षिकोश' अशा गावोगावच्या नावांनी भरलेला आहे.

ही गावठी नावं मुळात लहानसे माहितीपर लेखच असतात. पानं शिवून घरटं करणारा तो शिंपी. झाडाचं लाकूड ठोकणारा तो सुतार. पाण्याच्या काठी शेपटी आपटत धुणं धुतल्यासारखा चालणारा तो धोबी. दुसऱ्या पाखरांच्या घरट्यांवरही पहारा ठेवून कावळ्या-घारीला हुसकावून लावणारा तो कोतवाल. कर्नाळ्याच्या वाटेवर उन्हाळ्यात वडा-उंबराच्या शेंड्याकडून एकसुरी टुक्‌ टुक्‌ ऐकू येतं, लांब कुणीतरी तांब्याच्या हंड्यावर हातोडी मारत बसल्यासारखं; तो तांबट. हिरवा रंग, चिमणीपेक्षा थोडा मोठा आकार, कपाळावरचा लाल टिळा हे सगळं पुस्तकात असतं, पण पानांत लपलेला हा पक्षी दिसतो कुठे? तो ऐकू येतो. नाव देणाऱ्याने नेमकी तीच खूण उचलली जी माणसाला आधी मिळते.

फक्त एक अडचण आहे. तांबट आळी आता किती गावांत वाजते? नव्या पनवेलच्या सातव्या मजल्यावर वाढलेल्या मुलाने हंडा ठोकणारा तांबट पाहिलेला नसेल, ऐकलेला तर नसेलच. त्याच्यासाठी 'तांबटासारखा आवाज' या उपमेत काहीच उरलेलं नाही. मग लेखकाला तिथे दुसरी खूण शोधावी लागते, किंवा तांबट म्हणजे कोण ते आधी अर्ध्या वाक्यात सांगावं लागतं. उपमा ही नाण्यासारखी असते. आपल्या खिशात आहे म्हणून ती समोरच्याच्या बाजारात चालेलच असं नाही.

वाचकाला धरून ठेवायची युक्तीही याच जिल्ह्यात सापडते. अलिबागजवळ किहीमला १९३० साली सलीम अलींनी सुगरणीच्या घरट्यांचं निरीक्षण केलं. त्यावर लिहायचं तर दोन रीती आहेत. पहिली : "सुगरण हा चिमणीच्या आकाराचा पक्षी असून तो भारतात सर्वत्र आढळतो." यापुढे वाचक राहील की नाही सांगता येत नाही. दुसरी : "सुगरण हे नाव बाईचं, पण घरटं विणतो तो नर." इथे वाचकाची भुवई वर गेली. मग सांगावं की नर घरटं अर्धंच विणतो आणि थांबतो. माद्या येतात, आत शिरून तपासणी करतात. एखादीने पसंत केलं की नर ते पुरं करतो, लांब नळी जोडतो, ती आत अंड्यांवर बसते आणि हा बाहेर पडून शेजारी दुसऱ्या घरट्याचा घाट घालतो, दुसऱ्या मादीसाठी. सलीम अलींच्या नोंदींनी पुढे आलेली ही सगळी माहिती आहे, कल्पनेचा दोराही नाही. पण ती अशा क्रमाने ठेवली की प्रत्येक वाक्य पुढच्या वाक्याबद्दल प्रश्न निर्माण करतं. आकार, रंग, आढळ हे मग वाचक स्वतः विचारतो, आणि विचारल्यावर सांगितलेलं त्याला आठवतं.

गोव्याच्या त्याच रस्त्याने आणखी पुढे पेण तालुका लागतो. तिथल्या गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक भावे जन्मले, म्हणजे विनोबा. सोप्या मराठीसाठी एवढी चोख मेहनत क्वचितच कुणी घेतली असेल. त्यांची आई रखुमाई गीतेवरची प्रवचनं ऐकायची, पण संस्कृत कळायचं नाही. तिने मुलाकडे मराठी गीता मागितली. मुलाने एक जुना समश्लोकी अनुवाद आणून दिला, तोही तिला जड गेला. मग तीच म्हणाली, तू का करत नाहीस? १९१८ साली ती गेली. मुलाने काम हातात घेतलं ते बारा वर्षांनी : ७ ऑक्टोबर १९३० ला पहाटे सुरुवात, ६ फेब्रुवारी १९३१ ला समाप्ती. सातशे श्लोक, चार महिने. नाव ठेवलं 'गीताई'.

पण लिहून झालं म्हणून विनोबांनी ते लगेच छापायला दिलं नाही. वर्ध्याच्या आश्रमातल्या लहान मुलींचा वर्ग घेतला आणि त्यांना ती शिकवायला सुरुवात केली. मुली जिथे अडखळत, जो शब्द त्यांना कळत नसे, ती जागा वहीत टिपून ठेवायची. नंतर त्या नोंदींवरून मजकूर बदलायचा. हे सगळं करून १९३२ साली पुस्तक बाहेर आलं, तेव्हा विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. आज मोबाइलचं ॲप बाजारात आणण्याआधी कंपन्या पाच-दहा माणसांच्या हातात देऊन ती कुठे अडतात ते पाहतात आणि या पद्धतीला भारदस्त नाव देतात. वर्ध्याला ते वर्गातल्या मुलींबरोबर झालं होतं, आणि परीक्षा मुलींची नव्हती, लिहिणाऱ्याची होती.

धुळ्याच्या तुरुंगातली गोष्टही याच जातीची. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी विनोबा कैद्यांसमोर गीतेवर बोलले. अठरा रविवार, अठरा अध्याय. साने गुरुजी ते शब्द वेगाने उतरवून घेत होते. म्हणून 'गीता प्रवचने' वाचताना समोर कुणीतरी बसलं आहे असं सारखं जाणवतं. प्रश्न मध्येच येतो, दाखला घरातला येतो, मुद्दा निसटतोय असं वाटलं की बोलणारा थांबून तो पुन्हा दुसऱ्या बाजूने सांगतो. पानावरची ही सवय खोलीत एकट्याने लिहून लागली असती की नाही, शंका आहे.

लिहिणाऱ्या प्रत्येकाला आश्रम किंवा तुरुंग मिळत नाही. पण लिहिलेलं मोठ्याने वाचता येतं. डोळा लबाड असतो, तो 'च्या'च्या माळेवरून सरकत जातो, जीभ अडखळते. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य लांब आहे. जिथे ऐकणारा "म्हणजे?" म्हणतो तिथे शब्द राहिलेला आहे. आणि जिथे त्याची नजर मोबाइलकडे वळते तिथला परिच्छेद, कितीही आवडता असला तरी, काढून बघायला हरकत नाही.

दुपार होत आली की तहसील कचेरीबाहेरची गर्दी जरा पांगते. अशा वेळी काकांकडे उलटं गिऱ्हाईक येतं : कागद समजून घ्यायचा नसतो, लिहून घ्यायचा असतो. बाई सांगते, "माझ्या नवऱ्याच्या नावचा सातबारा हाय. तो गेला दोन वर्षांपूर्वी. आता माझं न पोरांचं नाव लावायचंय." झालं, दोन ओळींत प्रकरण, मागणी, सगळं आलं. काका कोरा कागद पुढे ओढतात, पेनाचं टोपण काढतात आणि वळणदार अक्षरात सुरू करतात : "मे. तहसीलदार साहेबांचे सेवेशी, अर्जदार सविनय सादर विनंती अर्ज करते ऐसा जे, उपरोक्त विषयास अनुसरून..."

पान भरतं. बाई अंगठ्याऐवजी सही करते, सावकाश, एकेक अक्षर जुळवत. मग कागद डोळ्यांजवळ धरून पहिल्या चार ओळी वाचते आणि विचारते, "काका, ह्यात काय लिवलंय?"